फॉलोअर वाढले, खुर्च्या नाही वाढल्या

जुनं लाकडी फर्निचर दुरुस्त करणारी एक छोटी कार्यशाळा. मालकीणबाई स्वतः कारागीर, वेताच्या विणकामात त्यांचा हातखंडा. जोडीला एक सुतार, एक पॉलिशवाला, आणि हिशेब, फोन, सामानाची ने-आण असं वरकड सगळं बघणारा त्यांचा भाचा. इन्स्टाग्राम आणि फेसबुकही त्याच्याचकडे, कारण मोबाइल सगळ्यांत सराईतपणे तोच वापरतो. छोट्या धंद्यात सोशल मीडियाची नेमणूक बहुधा अशीच होते आणि त्यात गैर काही नाही. निदान त्याला कामाची आच तरी असते.

एक दिवस त्याची एक रील धो धो चालली. मोडकळीला आलेली खुर्ची, बैठकीतला कुजलेला वेत टोच्याने उपसून काढणं, भिजवलेल्या पट्ट्या आधी उभ्या, मग आडव्या, मग पुन्हा उभ्या आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरक्या ओढत जाळी भरणं, सगळं मिनिटभरात. बघणारे लाखांत गेले. काही शेकड्यांवर अडकलेले फॉलोअर बघता बघता पाच आकडी झाले. भाच्याला हुरूप आला. त्याच धाटणीच्या आणखी रील्स झाल्या, काहींवर बूस्टचे, म्हणजे पोस्ट जास्त लोकांना दाखवण्याचे, पैसे लागले. दोनेक महिने सगळे खुशीत होते. मग मालकीणबाईंनी कामाची वही काढली. पावत्या पूर्वीइतक्याच फाटल्या होत्या. त्यांनी भाच्याला एवढंच विचारलं, “इतके लोक बघतायत ना? मग खुर्च्या कुठायत?”

सोशल मीडियाच्या कामासाठी मला बोलावलं ते या टप्प्यावर. भाच्याचं म्हणणं, जाहिरातीचं बजेट तोकडं पडतंय. मालकीणबाईंचं म्हणणं, हे सगळं बंद करून तो वेळ पॉलिशला दे. दोघांपैकी कुणाचं खरं हे ठरवण्याइतकी माहिती त्या दोघांकडेही नव्हती, म्हणून पहिले काही दिवस एकही पोस्ट न टाकता फक्त तपासणी करायची असं ठरलं. भाच्याला ते जड गेलं. सातत्य तुटलं की अल्गोरिदम, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारी यंत्रणा, मागे टाकतो, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं.

बघणारे कोण होते

सुरुवात इनसाइट्सपासून, म्हणजे अ‍ॅपमध्ये दिसणाऱ्या आकडेवारीपासून, केली. फॉलोअर कुठल्या गावांतले, ही माहिती बिझनेस अकाउंटला आयती मिळते आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. इथे पहिल्या पाच गावांपैकी फक्त एकच असं होतं जिथे कार्यशाळेचा टेम्पो पोचू शकत होता. उरलेले दूरदूरचे, बरेच तर परदेशातले. सोफा कुरिअरने येत नाही.

यात इन्स्टाग्रामने काही दगाफटका केला असं नाही. २०२० मध्ये रील्स आल्या त्याच मुळी तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसांपुढे व्हिडिओ नेण्यासाठी. किती वेळ पाहिलं, किती जणांनी लाइक केलं, किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं, या तीन गोष्टींना मोठं वजन असतं असं इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीच जाहीरपणे सांगितलं आहे. बघणाऱ्याच्या घरात मोडकी खुर्ची आहे का आणि ते घर आपल्या पल्ल्यात आहे का, हे त्या हिशेबात कुठेच नाही. वेत विणताना बघायला कुणालाही छान वाटतं. ज्याच्या घरी वेताची एकही वस्तू नाही त्याला कदाचित जास्तच.

बूस्टची कथाही तशीच निघाली. पोस्टखालचं बटण दाबलं की अ‍ॅप विचारतं, तुम्हाला काय हवंय: प्रोफाइलला भेटी, वेबसाइटला भेटी की मेसेज? भाच्याने प्रत्येक वेळी पहिला पर्याय निवडला होता, कारण तो वर असतो. ठिकाणाचा पर्यायही आपोआप जे येईल तेच ठेवलेला. यंत्रणेने मग प्रोफाइलवर टिचकी मारायची सवय असलेली माणसं शोधून दिली. मागितलं ते मिळालं. पैसे वाया गेले असं म्हणणंही कठीण, कारण जे विकत घेतलं ते पोचतं झालं होतं.

इथपर्यंत कुणालाही अंदाज बांधता आला असता. खरी गोम निघाली इनबॉक्समध्ये.

रिक्वेस्ट्स

अनोळखी माणसाने इन्स्टाग्रामवर पाठवलेला मेसेज सहसा थेट मुख्य इनबॉक्समध्ये येत नाही. तो ‘रिक्वेस्ट्स’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात पडून राहतो. नवं गिऱ्हाईक म्हणजे अनोळखी माणूसच. भाचा तो कप्पा अधूनमधून उघडायचा, पण रील गाजल्यावर तिथे ‘वॉव’, हात जोडलेल्या खुणा आणि ‘कोलॅब करणार का’ यांचा इतका चिखल झाला की त्याने तिकडे जाणंच सोडलं.

आम्ही दोघांनी बसून तो कप्पा वरपासून खालपर्यंत वाचला. तीन आठवड्यांपूर्वीचा एक मेसेज असा होता: ‘नमस्कार, आजोबांच्या वेळच्या सहा खुर्च्या आहेत. दोघींचा वेत फाटलाय, एकीचा मागचा पाय हलतो. तुम्ही घरी येऊन बघता का की आम्ही आणायच्या?’ खाली पत्त्याचा भागही लिहिलेला, कार्यशाळेपासून गाडीने पाऊण तासावरचा. चार दिवसांनी त्याच बाईंचा दुसरा मेसेज: ‘बघितलंत का?’ त्यानंतर काही नाही. असे मेसेज एकदोन नव्हते.

कमेंटमध्ये आणखी एक गंमत. कुणी विचारायचं ‘सोफ्याचं कापड बदलून देता का?’, त्यावर भाच्याचं ठरलेलं उत्तर, ‘डीएम करा’, म्हणजे खासगी मेसेज पाठवा. तो माणूस बिचारा डीएम करायचा आणि तो डीएम जाऊन पडायचा त्याच न उघडलेल्या कप्प्यात. दार दाखवायचं आणि आतून कडी लावून घ्यायची, असा सगळा प्रकार.

ज्यांना उत्तर मिळालं त्यांचाही अनुभव फार बरा नव्हता. कामाचा अंदाज द्यायचा तर मालकीणबाईंना काही गोष्टी लागतात: वस्तूचा समोरून आणि मागून फोटो, सांधा सुटला असेल तर त्याचा जवळून फोटो, उलटी करून खालची बाजू, लांबी-रुंदी, घर कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का. भाचा ‘फोटो पाठवा’ म्हणायचा. समोरून फोटो यायचा. तो मावशींना दाखवायचा, त्यांचे हात पॉलिशमध्ये, त्या संध्याकाळी म्हणायच्या, “खालून कुठाय?” दुसऱ्या दिवशी तो खालचा फोटो मागायचा. तिसऱ्या दिवशी माप. आकडा हातात पडेपर्यंत आठवडा सरायचा आणि तोवर माणसाने जवळचा सुतार गाठलेला असायचा, नाहीतर खुर्ची माळ्यावर गेलेली.

थोडक्यात, रीलमुळे कामं येत नव्हती हे अर्धसत्य होतं. थोडी येत होती आणि उंबऱ्यावरूनच परतत होती.

मग वहीतली कामं कुठून येत होती?

हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. अलीकडच्या पावत्या काढून भाच्याने जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. निमित्त खरंच होतं, ‘खुर्ची नीट बसलीये ना, हलत वगैरे नाही ना?’ बोलता बोलता ‘आमच्याबद्दल कळलं कुठून?’ एवढं विचारायचं. बहुतेकांना ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. त्याखालोखाल ज्यांनी फोनवर नकाशात शोधलं ते. इन्स्टाग्रामचं नाव थेट घेणारे मोजकेच. पण एक गोष्ट अनेकांनी आपणहून सांगितली, की नाव कळल्यावर त्यांनी प्रोफाइल उघडून काम कसं करतात ते पाहिलं आणि मग फोन केला.

हे मला फार मोलाचं वाटलं. आजीच्या हातची वस्तू परक्याच्या ताब्यात द्यायची तर माणूस आधी खातरजमा करतोच. त्या वेळी इन्स्टाग्राम ही कामाचा पुरावा बघण्याची जागा ठरते. अकाउंट बंद करण्याचा मालकीणबाईंचा विचार इथे मागे पडला, आणि तो त्यांनी स्वतःच मागे घेतला.

नकाशावरची नोंद मात्र पोरकी होती. गूगल बिझनेस प्रोफाइल (२०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत याचं नाव गूगल माय बिझनेस होतं) फुकट असतं. जवळपासच्या शोधात कोण वर दिसणार हे शोधाशी जुळणारं काम, अंतर आणि धंद्याची ठळक ओळख या तीन गोष्टींवर ठरतं, असं गूगल स्वतः सांगतं. इथे वर्गवारी निवडली होती ‘फर्निचर स्टोअर’. साहजिकच लोक नवा सोफा आहे का विचारायला फोन करायचे आणि भाचा वैतागून फोन ठेवायचा. कामाच्या वेळा जुन्या, एक नंबर बंद पडलेला. फोटो होते ते कुणा त्रयस्थाने टाकलेले, त्यात अर्धा फोटो शेजारच्या दुकानाचा. दुरुस्तीची वर्गवारी, खरा नंबर, खऱ्या वेळा आणि स्वतः काढलेले आधीचे-नंतरचे फोटो घालायला एक दुपार पुरली. या अख्ख्या प्रकरणात खर्चाच्या मानाने सगळ्यांत जास्त फळ दिलं ते या दुपारीने. सोशल मीडियाचं काम म्हणून बोलावलेल्या माणसाने आधी नकाशाची नोंद दुरुस्त करावी हे भाच्याला चमत्कारिक वाटलं, पण दुरुस्ती ही गोष्ट लोक गरज पडल्यावर शोधतात. खुर्ची मोडलेली नसताना दुरुस्तीवाल्याला फॉलो करण्याचं कारण काय?

अकाउंट कुणाचं

तपासणीत आणखी एक गोष्ट सापडली जी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. इन्स्टाग्रामला जोडलेला मोबाइल नंबर एका जुन्या फ्रीलान्सरचा होता, ज्याने सुरुवातीला अकाउंट उघडून दिलं होतं. फेसबुक पेजवर पूर्ण ताबाही त्याचाच. भाच्याकडे फक्त पोस्ट टाकण्यापुरता प्रवेश. माणूस सज्जन होता, एका फोनवर त्याने ताबा सोडला. तो दुसऱ्या गावी गेला असता, नंबर बदलला असता किंवा रुसून बसला असता तर पाच आकडी फॉलोअरांसकट सगळं हवेत. पेजचा पूर्ण ताबा मालकीणबाई आणि भाचा दोघांच्या नावे केला, कार्यशाळेचा ईमेल आणि नंबर जोडला, दुहेरी पडताळणी चालू केली आणि तिचे बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवले.

सोबत गिऱ्हाइकांची यादी वहीत उतरवायला लावली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम साधारण सहा तास बंद पडली होती. ज्यांची सगळी गिऱ्हाइकं चॅटमध्येच होती त्यांच्याकडे त्या दिवशी फोन करायला नंबरही नव्हते. मालकीणबाईंना हा युक्तिवाद ताबडतोब पटला. वहीवर त्यांचा तसाही जास्त विश्वास.

काय बदललं

आधी इनबॉक्स, मग पोस्ट, मग जाहिरात, हा क्रम मी धरून ठेवला. उत्तर द्यायची घडी बसल्याशिवाय जाहिरात चालू करणं म्हणजे निराश गिऱ्हाइकांची संख्या पैसे देऊन वाढवणं.

चौकशा एका जागी याव्यात म्हणून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलं. हे वेगळं अ‍ॅप २०१८ च्या जानेवारीत आलं. त्यात झटपट उत्तरं, चॅटला लावायची लेबलं आणि वेळेबाहेरचा आपोआप संदेश या सोयी आहेत आणि एवढ्या धंद्याला त्या भरपूर होतात. झटपट उत्तराचा मजकूर मालकीणबाईंच्या तोंडून घेतला, कारण काय विचारायचं ते त्यांनाच ठाऊक:

‘नमस्कार. अंदाज देण्यासाठी एवढं पाठवा: १) समोरून फोटो, २) मागून फोटो, ३) उलटी करून खालचा फोटो, ४) जिथे मोडलंय तिथला जवळून फोटो, ५) लांबी-रुंदी, ६) राहण्याचा भाग, मजला, लिफ्ट आहे/नाही. सगळं आल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आकडा कळवू. फोटोवरचा आकडा अंदाजाचा असतो, वस्तू बघितल्यावर पक्का होतो.’

शेवटची दोन वाक्यं फार कामाची ठरली. कधी उत्तर मिळणार हे कळलं की माणूस थांबतो. चार लेबलं केली: ‘फोटो हवेत’, ‘अंदाज दिला’, ‘कामात’, ‘जमणार नाही’. भाच्याने सकाळी दुकान उघडल्यावर आणि दुपारच्या जेवणानंतर, असा दोनदाच इनबॉक्स बघायचा, रिक्वेस्ट्ससकट. मधल्या वेळात फोन खिशात. आधी तो दिवसभर मोबाइलकडे बघायचा, तरी उत्तरं राहायची. आता दोनदा बघतो आणि राहत नाहीत. ‘जमणार नाही’ हे लेबलही मुद्दाम ठेवलं. पल्ल्याबाहेरच्या माणसाला लगेच, नीट शब्दांत नाही म्हणणं हाही उत्तराचाच प्रकार आहे.

बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीच्या ओळींत, आधी होतं ‘जुन्याला देऊ नवं आयुष्य’. वाचायला गोड, उपयोग शून्य. तिथे आलं: काय करतो (वेतकाम, सांधे, पॉलिश, सोफ्याचं कापड), कुठल्या भागात ने-आण करतो, काय करत नाही (नवं फर्निचर), चौकशीचा नंबर. नेहमीच्या प्रश्नांच्या स्टोऱ्या २४ तासांत विरून जायच्या. त्या प्रोफाइलवर कायम दिसणाऱ्या हायलाइट्समध्ये बांधल्या.

पोस्टबाबत भाच्याशी बराच वाद झाला आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. विणकामाच्या रील्स बंद करू नका, त्यातून कौशल्य दिसतं, हा त्याचा मुद्दा मान्य झाला. ट्रेंडच्या गाण्यांवर ओठ हलवणाऱ्या रील्स मात्र गेल्या. गाण्यांचा आणखी एक घोळ होता: बिझनेस अकाउंटला गाजलेली गाणी सरसकट वापरता येत नाहीत, धंद्यासाठी वापरायचा परवाना त्यात नसतो. त्यामुळे त्याच्या काही जुन्या रील्सचा आवाजच गेला होता. आता करवतीचा, पॉलिश पेपरचा, वेत ओढताना होणारा करकर आवाज तसाच ठेवतात. माझ्या मते ते गाण्यापेक्षा बरंच बरं.

नव्याने सुरू झालं ते ‘हे दुरुस्त होईल का?’ एक वस्तू, तिचा दोष, आणि मालकीणबाईंचं सरळ उत्तर, कॅमेऱ्यासमोर, अप्रन काढायची गरज नाही. यातला एक व्हिडिओ सविस्तर सांगण्यासारखा. पाण्याने फुगलेलं कपाटाचं दार. त्या बोटाने कडेवर दाबतात, भुसा निघतो. “हे पार्टिकल बोर्ड आहे. भुसा आणि डिंक. एकदा पाणी पिऊन फुगलं की परत बसत नाही. मी वरून पत्रा मारून देईन, पैसेही घेईन, पण वर्षभरात तुम्ही मला शिव्या घालाल. दार बदला.” संपला व्हिडिओ. लाइक बेताचेच. पण तो एकमेकांना पाठवला गेला, सेव्ह झाला, आणि पुढे कित्येक गिऱ्हाइकांनी त्याचा उल्लेख केला. जी बाई काम नाकारू शकते ती खोटं काम गळ्यात मारणार नाही, असा हिशेब लोक मनात करत असावेत. शिवाय फुगलेल्या दारांच्या चौकश्या घटल्या आणि तेवढा वेळ वाचला.

चित्रीकरणाची एकच शिस्त लावली: वस्तू टेम्पोतून उतरली की झाडायच्या आधी फोटो. ‘नंतर’चा फोटो सगळ्यांना सुचतो. ‘आधी’चा कामाच्या घाईत राहून जातो आणि तो नसेल तर ‘नंतर’ला किंमत नाही. पावतीवर एक ओळ वाढवली: आपल्या वस्तूचे फोटो आम्ही दाखवले तर चालेल का, हो किंवा नाही. लोकांच्या घराचा कोपरा, भिंतीवरचे फोटो असं काही दिसणार असेल तर कापून घ्यायचं.

जाहिरात सगळ्यांत शेवटी. बूस्टचं बटण सोडून अ‍ॅड्स मॅनेजर या जाहिरातींच्या वेगळ्या साधनातून, उद्दिष्ट मेसेज, टिचकी मारली की थेट व्हॉट्सअ‍ॅप, ठिकाण कार्यशाळेभोवतीचं ने-आण परवडेल एवढंच वर्तुळ. भाच्याला वयोगट, आवडीनिवडी, भाग असे सहा वेगळे संच करून बघायचे होते. ते नाकारलं. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) यंत्रणेला एका अ‍ॅड सेटवर, म्हणजे अशा एका संचावर, आठवड्याला साधारण ५० अपेक्षित कृती मिळाल्या तर ती स्थिरावते, असं मेटाचंच सांगणं आहे. एवढ्याशा बजेटचे सहा तुकडे केले तर एकही तुकडा त्या पायरीला पोचणार नाही. एकच संच, दोन व्हिडिओ: वेताची खुर्ची आणि हलणारा सांधा.

आणि हा मालकीणबाईंचा नियम: वहीत तीन आठवड्यांचं काम साठलं की जाहिरात बंद. मी सुचवण्याआधीच त्यांनी तो सांगितला होता. माल गोदामात असणाऱ्याचं गणित वेगळं. इथे विकायला आहेत ते तीन कारागिरांचे तास, आणि ते ओढून लांबत नाहीत.

मध्येच एक तक्रार

सगळं मार्गी लागत असताना एका टेबलाच्या फोटोखाली त्याच्याच मालकाने लिहिलं, ‘फोटोत मधासारखा रंग दाखवला, घरी आलं ते काळपट. फसवणूक.’ भाच्याचा पहिला विचार कमेंट उडवायचा. मालकीणबाईंनी तिथेच उत्तर लिहायला सांगितलं: ‘रंग तुम्हाला हवा तसा आला नाही हे खरं, आम्ही उद्या फोन करून येतो आणि उजेडात बघून बदलून देतो.’ वाद नाही, स्पष्टीकरण नाही. गेल्यावर कळलं की फोटो कार्यशाळेच्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला आणि फोनने आपल्या मर्जीने रंग उजळवलेला. गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं. एक हात पुन्हा मारावा लागला. त्या माणसाने नंतर कमेंटखाली ‘करून दिलं’ असं लिहिलं, कौतुक वगैरे काही नाही, आणि वाचणाऱ्याला तेवढं पुरतं. तेव्हापासून फोटो खिडकीशी, दिवसाउजेडी. आणि पॉलिशचा रंग फोटोवरून ठरवायचा नाही, लाकडाच्या तुकड्यावर नमुना करून तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा.

परीक्षणं मागण्याचाही प्रश्न आला. पाच तारे दिले तर सूट, अशी कल्पना भाच्याने मांडली होती. गूगलच्या नियमांत परीक्षणाच्या बदल्यात सूट किंवा भेट देणं बसत नाही, आणि नियम नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. वस्तू घरी पोचवताना तोंडी विचारायचं, दुसऱ्या दिवशी लिंक पाठवायची, एकदाच.

हाती काय लागलं

वहीत आता ‘कुठून कळलं’ असा रकाना आहे. अ‍ॅपमधल्या आकड्यांवर मी इथे फारसं विसंबलो नाही. मेटा स्वतःच्या श्रेयाचा हिशेब साधारणपणे टिचकीनंतरचे सात दिवस आणि नुसतं पाहिल्यानंतरचा एक दिवस धरून करतं. शिवाय २०२१ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपलने आयफोनवर वापरणाऱ्याचा माग काढण्यासाठी त्याची परवानगी सक्तीची केल्यापासून त्या हिशेबात भोकं पडली आहेत. आजीच्या खुर्चीचा निर्णय घरात महिनाभर चघळला जातो. सरळ विचारणं जास्त भरवशाचं.

रकान्यात ओळखीतून आलेली कामं अजूनही सगळ्यांत जास्त. नकाशावरून येणारी ठळकपणे वाढली. इन्स्टाग्राम तिसऱ्या क्रमांकावर, पण आता रकान्यात दिसण्याइतकं. एकूण चौकश्या रील गाजली त्या काळापेक्षा कमी आहेत आणि त्यांतून ठरणारी कामं जास्त. फॉलोअर थोडे गळाले, त्याचं दुःख आता फक्त भाच्याला. कार्यशाळा बरेच आठवडे भरलेली असते, त्यामुळे जाहिरात चालू असते त्यापेक्षा बंदच जास्त.

यातलं किती श्रेय झटपट उत्तरांचं, किती जाहिरातीचं, हे वेगळं काढता येत नाही. मध्ये पुरेसं अंतर सोडण्याइतकी उसंत धंद्याला नव्हती. माझा कल उत्तरांच्या बाजूने आहे, कारण जाहिरात बंद असलेल्या आठवड्यांतही ठरणाऱ्या कामांचं प्रमाण टिकून राहिलं.

काही गोष्टी सपशेल पडल्या. फेसबुक पेजवर तेच व्हिडिओ टाकून पाहिले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक पोचले. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने मित्र-नातलगांच्या पोस्टना प्राधान्य द्यायचं जाहीर केलं, तेव्हापासून पेजवाल्यांची ही रड चालूच आहे. पेज आता फक्त पत्ता आणि नंबर दाखवण्यापुरतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टचाही उपयोग झाला नाही: एका यादीत २५६ माणसं बसतात खरी, पण संदेश त्यांनाच पोचतो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला आहे, आणि दुरुस्तीवाल्याचा नंबर सेव्ह करणारे थोडे. कुठल्या वारी किती वाजता पोस्ट टाकावी यावर भाच्याने बरंच डोकं खपवलं. वहीत त्याने काडीचा फरक पडला नाही.

राहिला प्रश्न दूरच्या त्या हजारो फॉलोअरांचा. विणकामाचे धडे रेकॉर्ड करून विकायचे, अशी भाच्याची टूम आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. रिक्वेस्ट्सच्या कप्प्यात ‘शिकवाल का?’ असं विचारणारे खरोखर होते. मालकीणबाईंनी दोन अटी घातल्या आहेत. विकण्याआधी त्याने स्वतः एक बैठक पहिल्या उभ्या पट्टीपासून शेवटच्या तिरक्या पट्टीपर्यंत एकट्याने विणून दाखवायची. आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी उत्तर द्यायचं, वेत आणि अवजारं त्यांच्याकडे मिळतात का ते विचारायचं, मगच किती जण पैसे मोजतील याचा अंदाज बांधायचा. दुसऱ्या अटीचं काम सुरू झालं आहे. पहिल्या अटीची खुर्ची अर्ध्यावर आहे.